परजीवीने काय टाकले आणि काय राखले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हिवताप, आव, गोचीड-ताप यांच्या बातम्या येऊ लागतात. या बातम्यांत, व्याख्यानांत आणि मुलांच्या वह्यांतही एक समज पक्का बसलेला दिसतो: हे रोग करणारे एकपेशीय जीव म्हणजे जीवसृष्टीतले सगळ्यांत मागासलेले, अर्धवट घडलेले प्राणी. हा समज चुकीचा आहे आणि त्यामुळे उपचारातही घोटाळे होतात. या जीवांचे पूर्वज स्वतंत्रपणे जगणारे होते. परजीवी होताना त्यांनी बरेच काही टाकून दिले आणि थोडे राखले. औषध लागू पडते ते बहुधा राखलेल्या भागावर. जो भाग टाकला गेला त्यावर नेम धरलेले औषध वाया जाते. म्हणून या जीवांची उत्क्रांती दवाखान्यात आणि गोठ्यातही कामाची आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

हिवतापापासून सुरुवात करू. प्लाझ्मोडियम हा तांबड्या रक्तपेशीत राहणारा जीव. तिथे सूर्यप्रकाश पोचत नाही. तरीही त्याच्या पेशीत एक लवक आहे, म्हणजे वनस्पतींच्या हरितलवकाचाच भाऊबंद. १९९६ मध्ये ते ओळखले गेले. त्याला चार आवरणे आहेत आणि सुमारे ३५ हजार अक्षरांचा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए आहे. चार आवरणांवरून त्याचा इतिहास कळतो: या परजीवीच्या एका दूरच्या पूर्वजाने लाल शैवालाची अख्खी पेशी गिळली, ती पचवली नाही, आत ठेवून घेतली. पुढे प्रकाशसंश्लेषण गेले, हिरवेपणा गेला, लवक राहिले. गुऱ्हाळ बंद पडले, पण काहील काढून टाकली नाही; तिच्यात आता वेगळेच काही शिजते, अशी ही अवस्था. आयसोप्रिनॉइड नावाच्या संयुगांचा कच्चा माल या लवकात तयार होतो. रक्तातल्या अवस्थेत परजीवीला लवक लागते ते एवढ्याचसाठी. तो माल बाहेरून पुरवला तर लवक नष्ट झालेला परजीवीही प्रयोगशाळेत जगतो, हे २०११ मध्ये दाखवले गेले. दहावीच्या विज्ञानात अवशेषांगे म्हणून आंत्रपुच्छ, माकडहाड आणि अक्कलदाढ शिकवतात. त्या यादीत हे लवकही असायला हरकत नाही. फरक इतकाच की हे काढून टाकले तर परजीवी मरतो.

शैवालाचा हा वारसा अजून जपणारे नातेवाईकही सापडले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी बंदरातील प्रवाळांतून मिळालेला क्रोमेरा हा जीव २००८ मध्ये जगापुढे आला. तो प्लाझ्मोडियमच्या जवळच्या नात्यातला, पण प्रकाशसंश्लेषण करून पोट भरणारा. दुसरा नातेवाईक कोल्पोडेला. हा शिकारी आहे. पेशीच्या टोकाशी असलेल्या अवजाराने तो दुसऱ्या एकपेशीय जीवाला चिकटतो आणि त्याच्या आतला रस ओढून घेतो. हिवतापाचा परजीवी रक्तपेशीत घुसताना वापरतो ते टोकाचे यंत्र याच घडणीचे आहे. शिकार करण्याचे साधन घरात शिरण्याचे साधन झाले. या कुळात परजीवीपण एकदाच आले असे पूर्वी मानत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांनुसार ते किमान तीनदा, वेगवेगळ्या फांद्यांवर, स्वतंत्रपणे आले आहे.

आता याचा औषधाशी संबंध. लवक हे मुळात जिवाणूपासून आलेले, त्यामुळे त्यातली प्रथिने बनवणारी यंत्रणा जिवाणूसारखी आहे. म्हणून डॉक्सिसायक्लिन, क्लिंडामायसिन ही जिवाणूंवरची औषधे हिवतापावरही चालतात. मात्र ती उशिरा चालतात. औषध दिल्यावर परजीवी लगेच मरत नाही. चालू ४८ तासांचे चक्र तो पूर्ण करतो, त्याची पिल्ले निकामी लवक घेऊन जन्मतात आणि पुढच्या चक्रात मरतात. तोवर दोन दिवस उलटून गेलेले असतात आणि फाल्सिपेरम या घातक जातीच्या हिवतापाच्या रुग्णाला दोन दिवस फार झाले. म्हणूनच डॉक्सिसायक्लिन एकटे देत नाहीत. क्विनाइनसारख्या जलद औषधाच्या जोडीने सात दिवस देतात. हिवतापाच्या भागात जाणाऱ्यांना प्रतिबंधासाठी ते रोज १०० मिलिग्रॅम देतात तेव्हाही परत आल्यावर चार आठवडे चालू ठेवावे लागते. गर्भवती आणि आठ वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत. कणकण आली म्हणून घरात उरलेल्या डॉक्सीच्या दोन गोळ्या घेणाऱ्याचा हिवताप त्यामुळे बरा होत नाही, उलट रक्त तपासायला उशीर होतो.

व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीच्या हिवतापात आणखी एक जुनी सोय राखलेली असते. त्याचे काही परजीवी यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतात. डास नसलेला ऋतू काढण्याची ही त्यांची व्यवस्था. क्लोरोक्विनने रक्तातले परजीवी तीन दिवसांत जातात, ताप उतरतो आणि रुग्ण प्रायमाक्विन मध्येच सोडतो. यकृतात झोपलेल्यांवर क्लोरोक्विनचा काही परिणाम नाही. त्यांच्यासाठीच प्रायमाक्विन १४ दिवस, शरीराच्या दर किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, पूर्ण घ्यावे लागते. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांत प्रायमाक्विनने रक्तपेशी फुटतात, गर्भवतींना व तान्ह्या बाळांना ते वर्ज्य आहे. म्हणून डॉक्टरांशिवाय नको. पण सुरू केलेले अर्ध्यावर सोडले तर दोन-तीन महिन्यांनी तोच ताप परत येतो आणि लोक म्हणतात, पुन्हा डास चावला.

याच कुळातला क्रिप्टोस्पोरिडियम. दूषित पाण्यातून येणाऱ्या जुलाबांचे हे एक कारण, लहान मुलांत विशेष. याने ते लवकसुद्धा टाकून दिले. त्याची ऊर्जानिर्मितीची तंतुकणिकाही खुरटली. परिणामी लवकावर काम करणारी औषधे त्याला लावायला जागाच नाही. राखली ती जाड कवचाची पुटी, ४ ते ६ मायक्रॉनची, आणि तिच्यावर नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनचा जवळजवळ परिणाम होत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात शुद्धीकरण केलेल्या नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोकांना याची बाधा झाली. पंचगंगेला पूर आला की गावोगावी क्लोरीनचे थेंब वाटतात. ते योग्यच आहे, कॉलरा-टायफॉइडच्या जिवाणूंना ते मारतात. पण लहान मूल, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण घरात असेल तर थेंब टाकलेले पाणीसुद्धा खळखळून एक मिनिटभर उकळावे. उकळीत ही पुटी टिकत नाही.

आवेचा एंटामिबा आणि जुलाबांचा जिआर्डिया यांचा मामला वेगळा, पण धडा तोच. या दोघांत तंतुकणिका दिसत नाहीत म्हणून १९८० च्या दशकात ते तंतुकणिका तयार होण्यापूर्वीच्या काळातले आदिम जीव मानले गेले. मग १९९९ मध्ये एंटामिबात आणि २००३ मध्ये जिआर्डियात तंतुकणिकेचे बारीक अवशेष मिळाले. म्हणजे हे जीव आदिम नव्हेत; होते ते विकून मोकळे झालेले. आतड्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही, तिथे प्राणवायूवर चालणारी भट्टी कशाला ठेवायची? त्याऐवजी ते ऑक्सिजनशिवायची रासायनिक वाट वापरतात, आणि मेट्रोनिडाझोल नेमके त्या वाटेवरच पकडते. गोळीतले औषध स्वतः निष्क्रिय असते. या जीवांच्या पेशीत त्याला इलेक्ट्रॉन मिळतात आणि ते विषारी बनते. आपल्या पेशींत ही वाट नसल्याने आपण वाचतो. ट्रायकोमोनासमध्ये तंतुकणिकेची हायड्रोजन सोडणारी पिशवी झाली आहे, तिथेही हेच घडते.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. मेट्रोनिडाझोल आतड्यातून भराभर रक्तात शोषले जाते. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात घुसलेला अमीबा त्याने मरतो. आतड्याच्या पोकळीतल्या पुट्या मात्र मरत नाहीत. रुग्णाला बरे वाटते आणि तो महिनोन्‌महिने विष्ठेतून पुट्या सोडत राहतो. म्हणून मेट्रोनिडाझोलनंतर डायलोक्सानाइड फ्युरोएट, प्रौढांना ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १० दिवस, ही पोकळीतली साफसफाई सांगितलेली असते. चिठ्ठीवर हे दुसरे औषध असेल तर ते ऐच्छिक समजू नये. खाणावळीत, गाड्यावर काम करणाऱ्यांच्या बाबतीत तर नाहीच नाही.

रेशीमशेती करणाऱ्यांना रेशीमअळीचा पेब्रिन रोग माहीत असतो. त्याचा कर्ता नोसेमा हा मायक्रोस्पोरिडिया गटातला. हे बुरशीचे नातेवाईक. परजीवीपणात माणसाने कल्पना करावी त्यापलीकडे गेलेले. या गटातल्या एका जातीचा जनुकसंच २००१ मध्ये वाचला गेला: अवघी २९ लाख अक्षरे, सुमारे २,००० जनुके. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या साध्या जिवाणूकडे याहून जास्त असतात. ऊर्जा स्वतः बनवण्याऐवजी यजमानाचे एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, आयते ओढून घेणारी दारे त्यांच्याकडे आहेत, आणि ती दारे बनवणारी जनुके जिवाणूंकडून उचललेली आहेत. इतके टाकून दिलेल्या जीवावर औषधाचा नेम धरायला फार थोडे उरते. पेब्रिन झालेल्या बॅचला म्हणूनच इलाज नाही. पाश्चरने १८६० च्या दशकात घालून दिलेली पद्धत आजही चालते: अंडी घातल्यावर मादी पतंग कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, चकचकीत अंडाकृती बीजाणू दिसले की तिचे अंडीपुंज जाळायचे. परजीवी अंड्यातूनच पुढच्या पिढीत जातो, त्यामुळे खात्रीचे अंडीपुंज हाच बचाव. संगोपनगृहाचे निर्जंतुकीकरण करून अंडीपुंज स्वस्त म्हणून कुठूनही आणले तर खर्च वाया गेला असे समजावे.

आता गोठा. आपल्या जिल्ह्याच्या दुधाच्या अर्थकारणात याच्याइतका महत्त्वाचा भाग दुसरा नाही, आणि इथेच सगळ्यांत जास्त अंदाजपंचे चालते.

थायलेरिया ॲन्युलाटा हा गोचिडांतून पसरणारा परजीवी हिवतापाच्याच कुळातला, पण याची खोड निराळी. तो गायीच्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिला कर्करोगाच्या पेशीसारखे न थांबता विभागायला लावतो. पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणाऱ्या सूक्ष्म तंतूंना तो स्वतः चिकटतो. पेशीबरोबर त्याचीही वाटणी होते आणि दोन्ही नव्या पेशी बाधित जन्मतात. यजमानाला पेशीच्या विभागणीलाच असे जुंपणारा केंद्रकधारी परजीवी थायलेरियाच्या काही जाती सोडल्या तर सापडत नाही. ब्युपार्वाक्वोनने परजीवी मेला की तीच पेशी विभागायची थांबते. हे औषध त्याने राखलेल्या तंतुकणिकेतल्या सायटोक्रोम बी या प्रथिनावर बसते. मात्रा दर किलोमागे २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅम प्रति मिलि या द्रावणाचे २० किलोला १ मिलि. ४०० किलोच्या गायीला २० मिलि, मानेच्या स्नायूत, दोन ठिकाणी विभागून. इंजेक्शन महाग म्हणून अर्धी मात्रा दिली जाते, हा पहिला अपराध. गाय तर वाचत नाहीच, शिवाय सायटोक्रोम बी बदललेल्या परजीवींना रान मोकळे होते. ट्युनिशिया, इराण, सुदान येथे असे प्रतिरोधी परजीवी नोंदले गेले आहेत. दुसरा अपराध उशीर. खांद्यापुढची गाठ सुजली आणि ताप १०५ अंश फॅरेनहाइटवर गेला ती वेळ औषधाची. डोळ्यांच्या आतली कातडी पांढरीफटक पडल्यावर परजीवी तांबड्या पेशींत पोचलेला असतो, रक्त मोडलेले असते, आणि मग औषध लागू पडूनही जनावर रक्तक्षयाने जाते.

हा परजीवी मुळात आशियाई म्हशीचा असावा, असे मानले जाते. म्हैस त्याला बहुधा सहज पचवते, देशी गायही बऱ्यापैकी तोंड देते, होल्स्टीन संकर मात्र कोसळतो. आपल्याकडे एकाच दावणीला म्हैस आणि एचएफ (होल्स्टीन) गाय बांधलेली असते. म्हैस धडधाकट दिसते म्हणून तिच्या अंगावरचे गोचीड कुणी मोजत नाही, आणि परजीवी तिथूनच येतो. "मुरलेला परजीवी यजमानाला मारत नाही" असे जे सांगितले जाते ते म्हशीपुरते खरे ठरेल, शेजारच्या गायीपुरते नाही. फाल्सिपेरम हिवतापही माणसात गोरिलांकडून आला, हे २०१० मध्ये जनुकीय पुराव्याने दाखवले गेले, आणि त्याने सौम्य होण्याची काही घाई दाखवलेली नाही.

गोचिडांच्या बाबतीतही परजीवीचा स्वभाव पाहून उपाय ठरवावा लागतो. थायलेरिया हायलोमा गोचिडाच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जात नाही. गोचिडाला तो दर पिढीत बाधित जनावराच्या रक्तातून नव्याने घ्यावा लागतो, आणि कात टाकल्यानंतरची अवस्था तो पुढे देते. शिवाय गोचीड चिकटल्यावर त्याच्या लाळग्रंथीत परजीवी पक्व व्हायला दोन-तीन दिवस जातात. म्हणून रोज हात फिरवून कान, कास, शेपटीच्या बुडाशी गोचीड पाहणे हा कंटाळवाणा पण खरा उपाय आहे. कात टाकायला गोचीड दगडी भिंतींच्या भेगांत जातो. नुसत्या जनावरावर फवारून भेगा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. भेगा सिमेंटने बुजवाव्यात, गोठा रिकामा करून ज्वाला फिरवावी. गोचीडनाशक अमिट्राझ १२.५ टक्के असेल तर लिटरला २ मिलि. घोड्यांवर ते मारू नये, पोटदुखीने घोडा दगावतो.

गोचिडांतूनच येणारा दुसरा परजीवी बबेशिया उलट वागतो. तो गोचिडाच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जातो. त्याचा वाहक रिपिसेफॅलस मायक्रोप्लस पिल्लापासून प्रौढापर्यंत सुमारे तीन आठवडे एकाच जनावरावर काढतो, त्यामुळे तिथे भेगा बुजवण्यापेक्षा जनावरावरचा उपचार वेळापत्रकाने करणे जास्त फळते. बबेशियात लघवी लाल होते, आणि लाल लघवी दिसली की बबेशियावरचे डायमिनाझिन टोचले जाते. पण व्यायल्यानंतर काही आठवड्यांत म्हशीला लाल लघवी झाली, ताप नाही, तर ते बहुधा फॉस्फरसच्या कमतरतेने असते. तिथे डायमिनाझिनचा काही उपयोग नाही, फॉस्फेट द्यावे लागते. थर्मामीटर आणि एक रक्ताची स्लाइड एवढ्यात हा निवाडा होतो.

सर्रा या जनावरांच्या रोगाचा परजीवी ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय तर परजीवी कसा बदलतो याचा आपल्याच उपखंडातला दाखला. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो पाहिला. रोग करणारा तो पहिला ज्ञात ट्रिपॅनोसोमा. त्याचा पूर्वज आफ्रिकेतला, त्सेत्से माशीच्या पोटात वाढणारा. माशीच्या पोटात वाढायला तंतुकणिकेतला विशेष डीएनए लागतो. इव्हान्सायने त्याचा मुख्य भाग गमावला. माशीत वाढण्याची वाट कायमची बंद झाली, पण त्सेत्सेचे बंधनही सुटले. कुठल्याही चावऱ्या माशीच्या सोंडेवरच्या ओल्या रक्तातून तो काही मिनिटांत एका जनावरातून दुसऱ्यात जातो, आणि म्हणून आफ्रिकेबाहेर पसरला. माणसाला तो सहसा होत नाही, कारण आपल्या रक्तातले एपीओएल-१ हे प्रथिन त्याला फोडते. २००४ च्या सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात मात्र तो महिनोन्‌महिने सापडत राहिला. २००५ मध्ये ती माणसातली पहिली नोंद प्रसिद्ध झाली, आणि पुढच्या वर्षी कारण कळले: त्या व्यक्तीत हे प्रथिन तयारच होत नव्हते. सुरामिन या औषधाने रुग्ण बरा झाला. परजीवी आणि यजमान यांच्यातली सीमा एका प्रथिनाएवढी अरुंद असू शकते, हे महाराष्ट्रातल्या या रुग्णाने जगाला दाखवले, आणि आपल्याकडे ते फारसे कुणाला ठाऊक नाही.

परजीवीपणाची सुरुवात आज, आपल्या डोळ्यांदेखत पाहायची असेल तर कासदाह, म्हणजे आपल्याकडची दगडी, तपासावी. दगडी बहुतेक वेळा जिवाणूंची असते. पण प्रतिजैविकांचे दोन कोर्स होऊनही दूध पाण्यासारखे आणि गुठळ्यांचे येत राहिले तर प्रोटोथेकाचा संशय घ्यावा. हे हिरव्या शैवालांच्या कुळातले, हरितद्रव्य गमावलेले. शेणात, ओल्या बैठकीत, तुंबलेल्या गव्हाणीच्या पाण्यात ते मजेत राहते. संधी मिळाली की सडातून वर चढते. प्रतिजैविके त्याला लागत नाहीत, कारण ते जिवाणूच नाही. उलट, सडात औषध सोडायची नळी निर्जंतुक नसेल तर तीच त्याला आत पोचवते. प्रयोगशाळेत सॅबुरॉ अगार या माध्यमावर यीस्टसारख्या वसाहती येतात. थेंबात मिथिलिन ब्ल्यू हा रंग टाकून पाहिले तर एका कवचात अनेक लेकी-पेशी दाटलेल्या दिसतात, यीस्टमध्ये असते तशी कळी दिसत नाही. खात्रीचा उपचार नाही. असे जनावर शेवटी पिळावे, वेगळे बांधावे आणि बहुधा कळपातून काढावे लागते. दूध उकळूनच वापरावे. कट्ट्यावरचे धारोष्ण दूध ही कोल्हापूरची हौस आहे, पण या बाबतीत ती जपण्यासारखी नाही.

केरळातून २०२४ आणि २०२५ मध्ये 'मेंदू खाणाऱ्या अमीबा'च्या बातम्या आल्या आणि इथे पोहणाऱ्यांत घबराट झाली. नेग्लेरिया फाउलेरी हा कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात जिवाणू खाऊन राहणारा जीव. ४६ अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता तो सोसतो. माणूस त्याला नको आहे. नाकात जोराने पाणी शिरले तर वासाच्या मज्जातंतूवरून तो मेंदूत पोचतो, आणि जिवाणू ओरबाडायला वापरतो तीच तोंडे तिथे वापरतो. माणसातून माणसात तो जात नाही, म्हणून माणसात जगायला तो निवडला जाण्याचाही प्रश्न नाही. पाणी पिऊन हा रोग होत नाही. उन्हाळ्यात आटलेल्या, केंदाळाने भरलेल्या पाण्यात उड्या मारू नयेत, तलावांत क्लोरीनची पातळी रोज मोजावी, आणि जलनेती करणाऱ्यांनी नळाचे पाणी थेट न वापरता उकळून गार केलेले वापरावे. अमेरिकेत २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोन जण याने दगावले.

टाकून देण्याची ही प्रवृत्ती जिवाणूंतही आहे. कुष्ठरोगाच्या जिवाणूचा जनुकसंच २००१ मध्ये वाचला तेव्हा सुमारे १,६०० कामाची आणि १,१०० हून अधिक मोडकी जनुके निघाली. क्षयाच्या जिवाणूकडे सुमारे ४,००० कामाची आहेत. यजमान आयते पुरवतो त्याचे जनुक मोडले तरी शिक्षा होत नाही, आणि मोडलेले परत येत नाही. कुष्ठरोगाचा जिवाणू म्हणूनच आजवर कुठल्याही कृत्रिम माध्यमावर वाढलेला नाही. दुप्पट व्हायला त्याला १२ ते १४ दिवस लागतात, आणि उपचार महिन्यांत मोजावा लागतो.

या सगळ्यात निवाडा करणारी गोष्ट म्हणजे रक्ताची स्लाइड, आणि ती बऱ्याचदा बिघडलेली येते. औषध सुरू करण्यापूर्वी रक्त घ्यावे. हिवतापासाठी एकाच काचेवर जाड आणि पातळ थेंब: पातळ थर मिथेनॉलमध्ये स्थिर करायचा, जाड नाही. जाड थरावर मिथेनॉल ओघळले तर रक्तपेशी फुटत नाहीत आणि पुढे काही दिसत नाही. गिम्सा या रंगाचे पाणी पीएच ७.२ चे हवे. आम्लधर्मी पाण्याने केंद्रक फिके पडतात आणि 'नकारात्मक' असा अहवाल जातो. तीन टक्के द्रावणात ४५ मिनिटे, घाई असेल तर दहा टक्क्यांत दहा मिनिटे. रक्त ईडीटीएच्या (गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत तासन्‌तास पडून राहिले की परजीवींचा आकार बिघडतो. एक स्लाइड निगेटिव्ह आली तर १२ ते २४ तासांनी पुन्हा. गायीत कानाच्या शिरेची स्लाइड पुरेशी नसते: थायलेरियातून बरे झालेल्या जनावराच्या तांबड्या पेशींत तुरळक अंगठीसारखे परजीवी पुढे कित्येक महिने दिसतात, त्यांवरून आजचा ताप ठरत नाही. सुजलेल्या गाठीत सुई घालून काढलेल्या द्रवात पांढऱ्या पेशींतले परजीवी दिसले तर तो थायलेरिया. रक्तपेशीवर बसलेली बिंबिका (प्लेटलेट) आणि रंगाचा गाळ यांना परजीवी म्हणणारे अहवालही सर्रास मिळतात; सूक्ष्मदर्शकाचा फोकस हलवत काच पाहिली तर गाळ वेगळ्या पातळीवर असतो.

आपल्या दैनिकाला विनंती एवढीच की साथीची बातमी देताना परजीवीची जात आणि तपासणी कशाने केली हे दोन तपशील मागून घ्यावेत आणि छापावेत. आणि शाळांसाठी एक प्रयोग, ज्यात कुठलाही प्राणी कापावा लागत नाही. रंकाळ्याचे किंवा शेततळ्याचे पाव लिटर पाणी, थोडा कुजलेला पाला, तीन-चार उकडलेले गव्हाचे दाणे. बरणीच्या तोंडाला मलमल बांधून सावलीत तीन ते पाच दिवस ठेवावे. दाण्याजवळच्या तळातला थेंब ४०० पट मोठा करून पाहिला की ५ ते ८ मायक्रॉनचे, दोन कशाभिकांचे, एक मागे फरफटत नेणारे जीव दिसतात. त्यांत बोडो असतो, सर्राच्या ट्रिपॅनोसोमाचा मोकळा राहिलेला चुलत भाऊ. दाणे जास्त टाकले तर ऑक्सिजन संपून पाणी घाण मारते आणि फक्त जिवाणू उरतात. उन्हात ठेवले तर शैवाल माजते. आठवडा गेला तर पॅरामेशियमसारखे मोठे जीव बोडोला खाऊन टाकतात. थेंब ड्रॉपरने घ्यावा, पिपेट तोंडाने ओढू नये, आणि काम झाल्यावर बरणीत उकळते पाणी ओतूनच ती रिकामी करावी.

आपले विश्वासू,
प्राणिशास्त्र व पशुरोगनिदान या विषयांचे काही अध्यापक, कोल्हापूर